गाण्यात बोलतं कोण?

मार्च १९९४ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासची गायिका सेलेना हिचा ‘आमोर प्रोइबिदो’ हा संग्रह बाजारात आला. निषिद्ध प्रेम, हा त्या स्पॅनिश नावाचा सरळ अर्थ. त्याच नावाचं गाणं पुढे अमेरिकेतल्या लॅटिन गाण्यांच्या यादीत कित्येक आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गरीब घरची मुलगी मोठ्या घरच्या मुलावर जीव लावते, माणसं आडवी येतात, आणि पैसा-प्रतिष्ठेचा हिशोब मुलगी धुडकावून लावते, एवढाच त्याचा ऐवज. सेलेनाच्या घरातल्याच मागच्या पिढीच्या हकीकतीवरून ते सुचलं, असं सांगितलं जातं. तिने स्वतःही त्याआधी दोन वर्षं, २ एप्रिल १९९२ रोजी, आपल्याच वाद्यवृंदातल्या गिटारवादकाशी वडिलांच्या मनाविरुद्ध गुपचूप लग्न केलं होतं. ३१ मार्च १९९५ रोजी तिचा खून झाला. गाणं मात्र आजही वाजतं, आणि ते ऐकताना एक गोष्ट ठळकपणे कानावर येते: आडकाठी सांगणारी, ती नाकारणारी आणि निर्णय घेणारी, तिन्ही वेळा बोलते ती मुलगीच.

लॅटिन पॉपमध्ये हे नेहमीच घडतं असं नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या बचाटा या प्रकाराचंच पाहू. त्रुहियो हा हुकूमशहा १९६१ साली मारला गेला आणि पुढच्याच वर्षी होसे मान्वेल काल्देरोनने बचाटाची पहिली ध्वनिमुद्रणं केली. खेड्यातली शेती सोडून राजधानीच्या वस्त्यांत मजुरीला आलेल्या माणसांचं हे गिटारवरचं गाणं. पांढरपेशे लोक त्याला हलकं समजत, मोठी रेडिओ केंद्रं ते लावत नसत. त्याच बचाटाला २०१९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बचाटाचा विषयही बहुतेकदा न मिळणारं प्रेम हाच: दुसऱ्याची बायको, श्रीमंताची लेक, सोडून गेलेली सखी. पण तिथे बोलणारा बहुतेकदा पुरुष असतो. तो विनवतो, कुढतो, दोष देतो. जिच्यासाठी हे सगळं, तिचं म्हणणं काय हे गाणं संपलं तरी कळत नाही. विषय एकच, पण बोलणारं तोंड बदललं की गाण्याचा सगळा अर्थ बदलतो. निषिद्ध प्रेमाची गाणी तोलायला याहून चांगला काटा नाही, आणि तो ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या गाण्यांना लावून पाहण्याजोगा आहे.

२०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण आणि आदिवासी भाग मुख्यतः या दोन तालुक्यांत उरला. शहापूर कसाऱ्याच्या रेल्वेमार्गावर आणि नाशिकच्या महामार्गावर; मुरबाड कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तानसा आणि भातसाचं पाणी इथून मुंबईला जातं. इथे आगरी आणि कुणबी आहेत, महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि वारली आहेत, बौद्ध वस्त्या आहेत. गाणीही तितकीच: लग्नातले धवले, हळदीची गाणी, गौरीचे नाच, तारपा, खंडोबाचं जागरण, जत्रेतला तमाशा, आणि आता बँजो आणि डीजे. या सगळ्यांत निषिद्ध प्रेम आहे. मात्र निषिद्ध कशामुळे, याचं उत्तर वस्तीगणिक वेगळं मिळतं. आगरी-कुणबी घरांत आडवी येते ती जात, भावकी आणि जमीन. आदिवासी पाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या आडवा आला तो पैसा: मुलीकडच्यांना द्यायचं देज, लग्नाचा खर्च आणि त्यासाठी काढलेलं कर्ज.

मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट या कथेतला सगळ्यात जुना टप्पा. घाटमाथ्याशी खडकात खोदलेलं लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, आणि मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या आकृती कोरलेल्या होत्या. आता त्या आकृतींची पावलं आणि वरची नावं तेवढी शिल्लक आहेत: सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, आणि राणीच्या माहेरचा महारठी. लेखात यज्ञ आहेत, दक्षिणा आहेत, गायी, घोडे आणि कार्षापणांचे आकडे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईने केलेली ही जाहीर नोंद आहे. पण ती राणी म्हणून, विधवा म्हणून, आई म्हणून बोलते. प्रेमाबद्दल बोलायला त्या भिंतीवर जागा नव्हती. ती जागा त्याच घराण्याच्या नावाशी जोडलेल्या ‘गाथासप्तशती’ने दिली. हाल सातवाहनाने निवडलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या या सातशे गाथा. स. आ. जोगळेकरांनी त्या १९५६ मध्ये मराठीत साक्षेपाने आणल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी पुढे ठेवलेल्या पुराव्यांत नाणेघाटचा लेखही होता आणि गाथाही होत्या.

या गाथांत चोरट्या भेटींचं प्रमाण अभ्यासकाला आजही थक्क करतं. बऱ्याच गाथांत बोलणारी बाई आहे: शेतकऱ्याची सून, गावच्या पाटलाची लेक, प्रवाशाला ओसरीवर जागा देणारी गृहिणी, सखीचा निरोप नेणारी दूती. सासू कुठे निजते आणि आपण कुठे निजतो हे वाटसरूला वरकरणी दटावणीच्या सुरात सांगणारी गाथा प्रसिद्धच आहे. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती पिकल्या भाताची. भात कापणीला आलं म्हणून एक तरुणी मान खाली घालून रडते आहे. पीक हाती येण्याचा आनंद तिला नाही, कारण उभ्या भातात तिची भेटीची जागा होती. सखी तिला समजावते की तागाचं शेत अजून उभं आहे. भातशेतीच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाला ही गाथा फोड करून सांगावी लागत नाही. आश्विनात पिवळी पडलेली खाचरं, माणूस दिसू नये इतकी वाढलेली रोपं आणि कापणीनंतर उघडा पडलेला शिवार, हे मुरबाडमध्ये दरवर्षी दिसतं. गाथांतल्या स्त्रिया पापपुण्याची भाषा बोलत नाहीत. जागा, वेळ, पहारा आणि इच्छा यांविषयी त्या बोलतात. या गाथा दरबारात निवडल्या गेल्या आणि त्यांतल्या अनेक पुरुषांनी रचल्या असणार, हे मान्य. तरीही बाईच्या तोंडी ‘मला हवंय’ हे वाक्य घातल्याशिवाय या प्रदेशातल्या प्रेमकवितेला सुरुवातच करता आली नाही, ही गोष्ट उरतेच.

गाथा लोकव्यवहाराबाहेरच्या म्हणून कुणी बाजूला सारेल. मग लग्नाच्या मांडवातलं उदाहरण घेऊ, जिथे रूढीचा पगडा सर्वांत घट्ट असतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथातल्या महदंबेने ऋद्धिपूरला धवले रचले. तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. विवाहप्रसंगी गायच्या या रचनांचा विषय आहे रुक्मिणीचं लग्न. म्हणजे काय? भावाने शिशुपालाशी लग्न ठरवलेलं असताना मुलगी परक्या पुरुषाला स्वतः निरोप धाडते, ये आणि मला घेऊन जा असं कळवते, आणि देवीच्या दर्शनाला गेल्यावर त्याच्या रथात चढते. आजच्या भाषेत याला पळून जाणं म्हणतात आणि त्यावर पोलीस ठाण्यात तक्रार होते. पुढे १५७१ मध्ये एकनाथांनी काशीत ‘रुक्मिणी स्वयंवर’ लिहिलं. त्याचं पारायण केल्याने मुलीचं लग्न लवकर जमतं ही श्रद्धा महाराष्ट्रात आजही आहे. ज्या घरात मुलीने परस्पर मुलगा निवडणं कुळाला बट्टा समजतात, त्याच घरात आई तिच्या हाती हे पुस्तक देते. यात ढोंग आहे असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला त्यात दुसरं दिसतं. मुलीची संमती हवी हे समाजाला आतून ठाऊक आहे. व्यवहारात ती विचारायची हिंमत नसल्यामुळे ते ज्ञान त्याने गाण्यात आणि पोथीत जपून ठेवलं.

आगरी आणि वारली लग्नांत तर हे जपणं बाईकडेच आहे. आगरी लग्नात धवला गाणारी धवलारीण असते, वारल्यांत धवलेरी. लग्न लावण्याचा अधिकार तिच्या गाण्याला आहे. तिच्याभोवती बायका बसतात, एक ओळ ती उचलते, बाकीच्या धरतात. मुलीचं माहेर, तिच्या आईचं दुःख, नवऱ्याकडच्यांची थट्टा, देवांची लग्नं असं सगळं त्यात येतं. या गाण्यांत पळून जाण्याचं समर्थन शोधायला जाऊ नये. पण लग्न ही बाईने बोलून पुरी होणारी गोष्ट आहे, एवढं ती परंपरा आपल्या अस्तित्वानेच सांगते.

जातीबाहेरच्या प्रेमाचं तर आपल्याकडे देवाच्याच घरात उदाहरण आहे. म्हाळसा ही लिंगायत वाण्याची लेक, खंडोबाची लग्नाची बायको. बाणाई धनगराची. तिच्यासाठी खंडोबा जेजुरीचं वैभव सोडून धनगरवाड्यात जातो, वेश पालटून चाकरी धरतो, मेंढ्या राखतो, आणि मग बाणाईला घेऊन गडावर येतो. म्हाळसा आणि बाणाईचं भांडण वाघ्या-मुरळी जागरणात रात्रभर रंगवतात, आणि त्या भांडणात दोघी बरोबरीने बोलतात. खंडोबाची ती चाकरी शहापूर-मुरबाडच्या माणसाला अनोळखी वाटायचं कारण नाही. वारली, ठाकर, महादेव कोळी यांच्यात देज द्यायची ऐपत नसलेला मुलगा सासऱ्याच्या घरी काही वर्षं राबून लग्नाची फेड करतो. त्याला घरजावई म्हणतात. म्हणजे आडकाठी पैशाची असेल तर ती श्रमाने ओलांडायचा रस्ता रूढीनेच ठेवला होता, आणि देवाची कथाही त्याच रस्त्याने गेली. जातीच्या आडकाठीला असा रस्ता माणसांसाठी कुणी ठेवला नाही. तो देवापुरताच राहिला.

पैशाची आडकाठी म्हणजे किरकोळ, असं मात्र समजू नये. जानेवारी १९४५ मध्ये शहापूर-मुरबाडच्या शेजारी टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं आणि त्यानंतर डहाणू-तलासरीकडे वारल्यांचा लढा उभा राहिला. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकात लिहिली. त्यातला लग्नगडी वाचताना अंगावर काटा येतो. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवऱ्याने, आणि त्याच्याबरोबर बायकोनेही, त्या सावकाराच्या घरी वेठीला राबायचं. कर्ज फिटायचं नाहीच. लग्न करणं म्हणजे स्वतःला विकणं असेल तर प्रेमाला वेगळ्या शत्रूची गरज काय? म्हणून वारल्यांत आणि कातकऱ्यांत कित्येक जोडपी आधी एकत्र राहत, आणि धवलेरीला बोलावून रीतसर लग्न पुढे केव्हातरी, कधी मुलंबाळं झाल्यावर, लावत. बाहेरून पाहणाऱ्याला हा सैलपणा वाटला. खरं तर विवाह आधी मनाने होतो आणि विधी ऐपतीने होतो, इतका साधा विवेक त्यात होता. सेलेनाच्या गाण्यातली मुलगी आणि पाड्यावरची मुलगी इथे जवळ येतात. दोघींच्या वाटेत उभा आहे तो पैसा, आणि दोघींचं उत्तर एकच आहे.

भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीपर्यंत पाड्यावर तारपा वाजतो. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांनी बनलेलं ते लांब वाद्य घेऊन वाजवणारा मधे उभा राहतो, आणि बाया-बापे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. तारप्याकडे पाठ करायची नाही असा नेम असतो. सूर बदलला की पावलं बदलतात. या नाचात मुलगा-मुलगी एकमेकांना पाहतात, जोडीदार हेरतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्यांसमोर घडतं. इथली मोकळीक म्हणजे अनागोंदी नव्हे. उलट वडीलधाऱ्यांच्या देखत मुलीला आपली पसंती दाखवायची ती सोय आहे.

ठाकरांचं असंच मोकळं जग मराठी सिनेमात एकदा फार ताकदीने आलं. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये ‘जैत रे जैत’ केला, गीतं ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. स्मिता पाटीलने रंगवलेली चिंधी ही लग्न झालेली ठाकरीण नवऱ्याला सोडते आणि भगताच्या मुलाची, नाग्याची, होते. कथा कर्नाळ्याच्या बाजूची, पण ठाकरवाडी तीच. या चित्रपटात गाणी हाच कणा आहे, आणि चिंधीची निवड आपल्याला संवादांइतकीच तिच्या गाण्यांतून कळते. तिच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही, तिला कुणी फसवलेलं नाही. ती स्वतः उठून आली आहे. मध्यमवर्गीय मराठी प्रेक्षकांनी ही गाणी घराघरांत म्हटली. नवरा टाकलेल्या बाईची गाणी आपण म्हणतोय याचा कुणाला विटाळ वाटला नाही, कारण ती ‘त्यांची’ गाणी होती. इथूनच पुढची अडचण सुरू होते.

अडचण अशी. गाणं कुणा दुसऱ्याच्या तोंडी घातलं की समाज ते ऐकून घेतो. पण ज्या बाईच्या तोंडून ते येतं तिला त्याची किंमत चुकवावी लागते. मुरबाड तालुक्यात म्हसा इथे पौष पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्या आणि तमाशा यांसाठी ती ओळखली जाते. तमाशात गणानंतर गवळण येते. राधा दुसऱ्याची बायको आहे आणि कृष्णासाठी वेडी आहे. निषिद्ध प्रेमाचं याहून उघड रूप नाही, आणि ते ईश्वराच्या नावाने चालतं. पण राधा झालेली ती नर्तकी जत्रा उठल्यावर कोण असते? किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ च्या आत्मकथेने याचं उत्तर दिलं. नाचणाऱ्या कोल्हाटी मुलीला लग्नच नाही. चिरा उतरवून ती एखाद्या धनिकाची होते, आणि तिच्या मुलांना बापाचं नाव मिळत नाही. हजारो लोकांपुढे प्रेमाची कैफियत मांडणाऱ्या बाईला प्रेमाचा अधिकृत शेवट नाकारलेला. माळशेज चढून पलीकडे गेलं की संगमनेर तालुक्यातलं हिवरगाव पावसा लागतं. पवळा तिथली, महार समाजातली. रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण कुलकर्णी पठ्ठे बापूराव घर, जात आणि वतनाची प्रतिष्ठा सोडून तमाशात आले, आणि पुढे पवळेशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. मराठी गाण्यातली ही सर्वांत गाजलेली खरी निषिद्ध प्रेमकथा. बापूरावांच्या लावण्या राहिल्या, नाव राहिलं, १९५० मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला. पवळेचं म्हणणं मात्र तिच्या शब्दांत आपल्यापाशी नाही. बापूरावांनी देऊ केलेली देणगी डॉ. आंबेडकरांनी नाकारल्याचा प्रसंग दलित चळवळीत सांगितला जातो, तो याच जागी लागू पडतो. आपल्या समाजातल्या बायांच्या नाचण्यावर मिळालेला पैसा आपल्याला नको, असा त्याचा आशय. प्रेमाचं गाणं बाईच्या तोंडी असणं आणि बाईचं असणं यांतला फरक त्या नकाराने जितका स्पष्ट केला, तितका कुठल्याही समीक्षेने केलेला नाही.

यावरून काही अभ्यासक निष्कर्ष काढतात की निषिद्ध प्रेमाची गाणी ही समाजाने ठेवलेली वाफ सोडायची झडप आहे. दबाव कमी होतो आणि जातीची चूल पेटती राहते. तमाशाबाबत हा आक्षेप मला बऱ्याच अंशी पटतो. पण तो सरसकट लावला तर दोन गोष्टींची फोड होत नाही. पहिली ही की अशी गाणी निरुपद्रवी असती तर ती दाबायचे प्रयत्न झाले नसते. सभ्य घरांतल्या बायकांना लावणीपासून दूर ठेवलं गेलं आणि बचाटा रेडिओवर येऊ दिली गेली नाही, ती कशाला? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. झडपेतून वाफ निघून जाते आणि काही शिल्लक राहत नाही. गाण्याचं तसं नाही, ते पाठ होतं. नात आजीकडून रुक्मिणीचा निरोप शिकते आणि तो निरोप तिच्या पिढीपर्यंत येतो. तिला स्वतःचा निरोप पाठवायची वेळ आली तर शब्द आधीपासून तिच्याजवळ असतात. गाण्याने जात मोडत नाही, हे खरं. मुलीची पसंती ही बोलायची गोष्ट आहे याची आठवण ते मोडू देत नाही, आणि मला ते पुरेसं मोठं काम वाटतं.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि गावागावांत तो जास्त ऐकू येतो: या गाण्यांनीच पोरं बिघडली, पळून जाण्याची लग्नं डीजेने वाढवली. ज्या प्रदेशात भातात लपून भेटणाऱ्या मुलीची गाथा दोन हजार वर्षं जुनी आहे, तिथे हा दोष स्पीकरवर टाकता येणार नाही. हळदीच्या रात्रीचं रूप बदललं आहे, हे मात्र खरं. मांडवात आधी धवलारीण बसायची, आता बहुतेक ठिकाणी दाराशी बँजोची किंवा डीजेची गाडी लागते, आणि रात्री दहाच्या नियमापर्यंत, कधी त्यानंतरही, आगरी-कोळी गाणी दणाणतात. या गाण्यांत रग आहे, बोलीचा अभिमान आहे, दर्या आणि डोंगर दोन्ही आहेत, आणि शहराने हिणवलेल्या भाषेला त्यांनी मोबाइलवर मानाची जागा मिळवून दिली. त्यांना अश्लील ठरवणारे लोक बोलीलाच अश्लील ठरवत असतात. माझी तक्रार वेगळी आहे. यांतल्या पुष्कळ गाण्यांत बोलणारा पोरगा आहे. तो पोरीचं रूप सांगतो, तिच्या मागे फिरतो, तिच्या बापाला आव्हान देतो, लग्न करीन तर हिच्याशीच म्हणतो. पोरगी पैंजण, साडी आणि नजर एवढीच उरते. द्वंद्वगीतं आहेत, त्यांत ती उत्तरही देते. पण ते उत्तर बरेचदा लाडिक होकार असतो. नकार देणारी, अट घालणारी, स्वतः निरोप धाडणारी मुलगी क्वचित भेटते. आपल्याकडे हे बचाटाच्या वळणावर गेलं आहे, सेलेनाच्या नव्हे. धवल्यातून डीजेकडे येताना शालीनता गेली म्हणून लोक हळहळतात. बाईचं तोंड गेलं, त्याची हळहळ व्हायला हवी.

पोरग्याने गाऊन टाकलेल्या प्रेमात मुलगी किती असुरक्षित असते, आणि तो स्वतःही किती असतो, हे आकड्यांशिवायही कळतं. २०१४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एका दलित शाळकरी मुलाला मारून झाडाला टांगलं गेलं. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलल्याचं निमित्त होतं. खटल्यात साक्षीदार फुटले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. त्या खुनानंतर दोन वर्षांनी, २९ एप्रिल २०१६ रोजी, नागराज मंजुळेंचा जातीबाहेरच्या प्रेमावरचा ‘सैराट’ हा चित्रपट आला. अजय-अतुलच्या संगीतावर शहापूरपासून सोलापूरपर्यंत प्रत्येक वरातीत लोक नाचले, आणि त्यात जातीबाहेर लग्न केलेल्या पोरांना घर बंद करणारेही होते. तरी ‘सैराट’ला इतर गाण्यांच्या ढिगात टाकता येत नाही. त्यात पुढाकार नायिकेचा, आर्चीचा आहे. ट्रॅक्टर ती चालवते, वर्गात सगळ्यांदेखत बोलते ती, आणि तिच्या मनाची घालमेल सांगणारं एक पूर्ण गाणं तिच्याच तोंडी आहे. आणि शेवटी, तिच्या माहेरची माणसं येऊन गेल्यावर, मंजुळेंनी आवाजच काढून घेतला. गाण्यांनी भरलेल्या चित्रपटाचा शेवट पूर्ण शांततेत होतो. जे गाण्यात ऐकून घेतलं ते घरात ऐकून घेतलं नाही, हे त्यांनी एका शब्दाविना दाखवलं.

इथे एक अखेरची शंका उरते: गाण्यात मुलगी बोलली काय अन् न बोलली काय, कायदा आहे ना? कायदा आहे, आणि चांगला आहे. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी प्रकरणात सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना निवडल्यावर कुटुंबाच्या, जातीच्या किंवा पंचायतीच्या संमतीची गरज नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. पण कायद्यापर्यंत पोहोचायला आधी मुलीला ‘मला हा मुलगा हवा’ किंवा ‘मला हा मुलगा नको’ असं मोठ्याने म्हणता यावं लागतं, आणि ते म्हणायची सवय न्यायालयात लागत नाही. ती चुलीपाशी, मांडवात, नाचाच्या रिंगणात लागते. शहापूर-मुरबाडच्या ज्या घरांत अजून धवलारीण आहे, त्या घरांतल्या शिकलेल्या मुलामुलींनी हळदीला तासभर डीजे थांबवून तिची गाणी मोबाइलवर भरून घ्यावीत, आणि जे तरुण नवी आगरी गाणी लिहीत आहेत त्यांनी मुलीला उत्तरापुरतं नव्हे तर पहिल्या ओळीपासून बोलू द्यावं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात तर हे बोलणं सक्तीचंच आहे. तीस दिवसांची नोटीस संपल्यावर, विवाह अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांदेखत, वधू आणि वर दोघांनीही आपण दुसऱ्याचा स्वीकार करत असल्याचं स्वतःच्या तोंडाने म्हटल्याशिवाय ते लग्न पक्कं होत नाही. आणि ते दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत म्हटलेलं चालतं.